तांबड्याचा एक हात

रंगाच्या खोक्यावर ‘नॅचरल ब्राउन’ असं छापलेलं असतं. कुणाचा नॅचरल, ते छापलेलं नसतं. खोक्यावरच्या बाईचे केस वाऱ्यावर एकाच दिशेने उडत असतात, याचा अर्थ ती बाई वेंगुर्ल्याला कधी आलेली नाही. आमचा वारा चारी दिशांनी येतो आणि येताना मीठ घेऊन येतो.

हायलाइट्स, म्हणजे ब्लीच करून उजळलेल्या काही बटा, मी भाचीच्या लग्नासाठी पुण्यात करून घेतल्या होत्या आणि त्या सुंदर होत्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी मला पश्चात्तापदग्ध वगैरे समजेल. त्या राखट-मधाळ छटेचं श्रेय ब्लीचवर चढवलेल्या हलक्या रंगाला, म्हणजे टोनरला असतं, आणि टोनर दर धुण्याला थोडा थोडा उतरत जातो. त्यात कोकणातलं ऊन आणि घाम, म्हणजे रोजची दोन वेळची अंघोळ. पाऊस सुरू होईपर्यंत राख गेली आणि खालचा पिवळा-नारिंगी उघडा पडला. थेट पिकलेल्या सुपारीचा रंग. मी मागीलदारी पोफळींखाली फार वेळ उभी राहिले असते, तर सुपाऱ्या वेचणाऱ्या बाईने मलाही टोपलीत टाकलं असतं.

तरी मी ते चालवून घेतलं असतं. पण गणपती तोंडावर आले होते. आमचा गणपती पाच दिवसांचा, भावकी मोठी, मुंबईचे चाकरमानी गाड्या भरभरून येणार. प्रत्येकाने माझ्या केसांवर एकेकच वाक्य बोलायचं म्हटलं, तरी विसर्जनापर्यंत पुरलं असतं. तेव्हा ठरलं, मूळ रंगावर परत जायचं.

आता मूळ म्हणजे कोणता?

सासूबाई म्हणाल्या, “मी तुका बघूक आयलंय तेव्हा काळेभोर होते.” आईने फोनवर सांगितलं की माझे केस जन्मापासून भुरे, शाळेतल्या बाई तेल लाव म्हणून ओरडायच्या. नवऱ्याने बराच विचार करून “केसांच्याच रंगाचे होते की” असा निर्वाळा दिला. लग्नाच्या अल्बममध्ये डोकं गजऱ्यांनी झाकलेलं. आधार कार्डावरच्या फोटोत केसच काय, मीही ओळखू येत नाही. शेवटी कुडाळला पार्लर चालवणारी माझी मावसबहीण, आमची ताई, म्हणाली, “पुरावा तुझ्या डोक्यावरच आहे, मुळं बघ.” केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे भांगाच्या दोन्ही बाजूंना खरा माल उगवून आला होता. मी आरसा घेऊन खळ्यात गेले. उन्हात तपकिरी दिसला, ढग आला तसा काळा. म्हणजे सासूबाई आणि आई दोघीही बरोबर, ही शक्यता या घरात आजवर कुणी विचारात घेतली नव्हती.

ताईच्या भाषेत केसांना नंबर असतात, १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. माझा ३ निघाला. पण ब्लीच केलेला केस सच्छिद्र झालेला असतो, रंग जास्त पितो आणि ठरवल्यापेक्षा गडद होतो. म्हणून ३ हवा असेल तर ४ आण, ती म्हणाली. एवढं ऐकलं आणि रेंज गेली. आमच्याकडे धड रेंज फक्त गोठ्यामागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर चढलं की येते, आणि तो गडगा नेमका रस्त्याला लागून. पुढचा सगळा सल्लामसलतीचा कार्यक्रम मी तिथे उभी राहून, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत उरकला. त्यामुळे बातमी वाडीभर आधी पोचली आणि खोकं नंतर.

पाठोपाठ उपाय आले. शेजारच्या काकू जास्वंदीची पानं आणि माका घालून उकळलेलं खोबरेल घेऊन आल्या. तेलाने केसांचं भलं होतं, रंगाचं काही होत नाही. पण काकूंना हे कोण सांगणार, मी लावून घेतलं. दुसरीने मेंदी सुचवली, तीही लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली. मेंदीतलं रंगद्रव्य मुळात नारिंगी-तांबडं. काळ्या केसावर ते लाजून बसतं, ब्लीच केलेल्यावर पेटतं. मी आधीच सुपारी होते, मला पेटायचं नव्हतं. मग तिसरी म्हणाली, “काळी मेंदी आण, ती नैसर्गिक.” दुकानात जाऊन पाकीट उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमिन, हेअर डायमध्ये असतं तेच. आपल्या लोकांना निसर्ग फार प्रिय, फक्त तो पाकिटाच्या पुढच्या बाजूला असावा लागतो.

बाजारात ४ नंबर होता, पण राखट छटेचा. दुकानदार म्हणाला, दोन्ही ब्राउनच. ताईने आधी एक बट करून बघायला बजावलं होतं, म्हणून कानामागची बट रंगवली. धुतली तर शेवाळी हिरवी.

त्याच संध्याकाळी मूर्ती कुठवर आली ते बघायला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात गेले. मूर्तीसाठीचा पाट आम्ही केव्हाच देऊन ठेवला होता. शाळेत शाडूचे गणपती ओळीने बसलेले. काही मातकट, काही पांढरा हात दिलेले, काही पितांबरासकट तयार. मूर्तिकार काका सोंडेवर ब्रश फिरवत होते. माझ्याकडे एकदा बघितलं, बट ओढणीबाहेर आली होती, आणि ब्रश न थांबवता म्हणाले, “वहिनीनू, पिवळ्यार राखी मारलात मां?”

मी होय म्हटलं.

“राखी म्हणजे निळ्याची जात. पिवळ्यार निळो गेलो की हिरवोच येतलो. आधी तांबड्याचो एक हात देऊक होयो. मगे तपकिरी.”

हे मी दुसऱ्या दिवशी गडग्यावरून ताईला सांगितलं, तर ती क्षणभर गप्पच झाली. तिने हे पैसे भरून कोर्समध्ये शिकलेलं. काळ्या केसातला रंग उडवत गेलं की आधी तांबडा दिसतो, मग नारिंगी, मग पिवळा. तपकिरी परत आणायचा तर उडालेला तांबडा आधी भरावा लागतो. त्याला फिलर म्हणतात. शाळेतल्या काकांना हे नाव माहीत नव्हतं, त्यांचं कधी अडलंही नव्हतं. ताईने कुडाळहून एसटीने अमोनिया नसलेला तांबूस-सोनेरी रंग, साधा ४ नंबर आणि रंगात कालवायचा ६ टक्क्यांचा पेरॉक्साइडचा डेव्हलपर पाठवला. सोबत फर्मान, की नव्या रंगाची कातडीवर टेस्ट घेऊन ४८ तास थांबल्याशिवाय डोक्याला हात लावायचा नाही.

मी पडवीत बसून कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावत होते. सासरे पेपर बाजूला ठेवून आले. “ह्या कित्याक?” मी ॲलर्जीचं सांगितलं. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे केला. कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. घरात काहीही वाटलं जात असेल तर हात पुढे करायचा, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. त्यांनाही ठिपका लावला. पुढचे ४८ तास ते भेटेल त्याला कोपर दाखवत हिंडले.

मुख्य दिवशी माझी लेक ड्रॉइंगच्या पेटीतला चपटा ब्रश घेऊन मागे उभी राहिली. रंगवायच्या त्या फक्त पिवळ्या बटा. मूळच्या केसांना डेव्हलपर लागला तर तेच उजळायचे आणि मुळं तांबूस दिसायची. एकेक बट निवडून, खाली दुधाची कापलेली पिशवी धरून ती रंगवत होती आणि जीभ बाहेर काढून एकाग्र झाली होती. पहिला तांबडा हात झाला, धुतला. आरशात मी रंगपंचमीहून परत आल्यासारखी दिसत होते. नेमक्या त्याच वेळी मुंबईहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. धड रेंज नसण्याचे कोकणात फायदेही आहेत, हे मला तेव्हा कळलं. चित्र गोठलं ते छताचं.

मग तपकिरी. रंग लावून झाला आणि वीज गेली. पावसाळ्यात ती जाते, त्यात बातमी नाही. पण वीज नाही म्हणजे पंप नाही आणि टाकी तळाला. पस्तीस मिनिटं भरली तेव्हा नवरा विहिरीवर कळशा ओढत होता, सासूबाई बंबाचं पाणी कोमट करत होत्या, लेक न्हाणीत टॉर्च धरून होती, आणि मी वाकून “आता पाणी स्वच्छ येतंय का” विचारत होते. टॉर्चच्या उजेडात सगळंच पाणी तपकिरी दिसतं.

दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं. तपकिरी. ढग आला, काळे. मी कुणाला काही विचारलं नाही.

पण मुद्दा वाडग्याचा राहिला. वाडग्यात अर्धा रंग उरला होता. एकदा कालवलेला रंग हवेने कामातून जातो, ठेवून चालत नाही, आणि बाटलीत बंद केला तर वायू धरून बाटली फुटू शकते. त्या रात्रीच मी तो ओतायला निघाले, तेवढ्यात अंधारातून सासऱ्यांचा आवाज आला, “टाकतंस कित्याक?”

मी म्हटलं, बाबा, हे असं कुणालाही लावता येत नाही, आधी टेस्ट...

त्यांनी टॉर्चच्या झोतात कोपर धरलं. स्वच्छ होतं. ४८ तास केव्हाच उलटून गेले होते.

चतुर्थीला आरतीसाठी सगळी भावकी दाटीवाटीने उभी होती. माझ्या केसांकडे एकाचंही लक्ष गेलं नाही. झांजा वाजवणाऱ्या पोरांपासून भटजींपर्यंत सगळे सासऱ्यांच्या मिशीकडे बघत होते.