नख बाबांचं, दगड तिचा

मुलीने भूशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा नातेवाइकांनी "पुढे काय करणार?" एवढंच विचारलं. "दगड ठेवणार कुठे?" हे कुणाला सुचलं नाही. आता आमच्या खिडकीत दगड पुढे आणि तुळस मागे असते.

1812 साली मोहस नावाच्या गृहस्थाने खनिजांना कठीणपणानुसार 1 ते 10 असे क्रमांक दिले. माणसाचं नख त्यात अडीचच्या आसपास येतं. म्हणून रोज संध्याकाळी हाक येते, "बाबा, नख दे ना." जिप्सम 2 वर, त्यावर माझा ओरखडा उठतो. कॅल्साइट 3 वर, तिथे नखच झिजतं. मग सुरी. कॅल्साइट सुरीपुढे नमतं, पण गारगोटी 7 वर! आमच्या सुरीने हल्ली टोमॅटो कापला जात नाही, नुसता दबतो.

"अगं, पांढरा आहे, चमकतोय, गारगोटीच असणार," मी जीव वाचवायला म्हणतो.

"रंगावर जायचं नसतं, बाबा."

(हे वाक्य आमच्याकडच्या स्थळं सुचवणाऱ्या मंडळींना एकदा ऐकवायचं आहे.)

रंग फसवतो हे मात्र खरं. कोकणातल्या रेडीहून आणलेला एक काळा-करडा, वजनदार खडा तिने उरलेल्या फरशीच्या खरखरीत मागच्या बाजूवर घासला, तर रेघ विटकरी लाल. हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. कॅल्साइटची पूड केली की तिच्यावर व्हिनेगर पडतं आणि बुडबुडे येतात. नूडल्स त्या दिवशी बेचव. सैंधव तर चवीवरूनच ओळखतात. ओला दगड नीट दिसतो म्हणून ही मंडळी इतरही दगड चाटतात, हे कळल्यापासून मी तिचा उष्टा पेला वेगळा ठेवतो.

परवा मी स्वयंपाकघरातल्या पाट्याकडे बोट दाखवलं. "याच्यात काय आहे, सांग."

"बेसाल्ट. त्यात प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन ही खनिजं. पण कण इतके बारीक की डोळ्यांना दिसायचे नाहीत."

"नख?"

"उपयोग नाही. चकती कापून 0.03 मिलिमीटरपर्यंत घासायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायची." तिची नजर पाट्याच्या कोपऱ्यावर रेंगाळली.

आईने चटणी वाटता वाटता वरवंटा उचलला. "हात तर लावून बघ गं."