थंडी वाजतेय का, हे विचारून कळत नाही

थंडीत वयस्कर आईवडिलांची काळजी कशी घ्यावी यावरच्या लेखात लिहिलंय की त्यांना रोज विचारत जा, थंडी वाजतेय का. विचारा हो, पण उत्तरावर विसंबू नका! वय झालं की थंडी जाणवणंच कमी होतं, कुडकुडणंही कमी होतं, म्हणजे जो अलार्म वाजायचा तोच बंद. आमचे बाबा ७९ चे, मागच्या हिवाळ्यात सकाळी पातळ सदऱ्यावर पेपर घेऊन बसलेले, विचारलं तर "मला कुठे वाजतेय थंडी" म्हणून माझ्यावरच डाफरले, पण अर्धा तास झाला तरी पान तेच, आणि चहा देताना बोटं लागली तर बर्फासारखी गार. बोलणंही जरा जड येत होतं, मला वाटलं झोप झाली नसेल (मूर्खपणा माझाच). थर्मामीटर लावला तर ९४.६. ९५ फॅरनहाइट म्हणजे ३५ सेल्सिअसच्या खाली अंगाचं तापमान गेलं की तो हायपोथर्मिया (शरीर धोकादायक इतकं गार पडणं), तसंच उचलून दवाखान्यात नेलं.

तेव्हापासून विचारणं बंद, हात लावून बघते. हातपाय नाही, पोट किंवा पाठ, कारण हात तर कुणाचेही गार पडतात. आणि खोलीत एक साधं तापमापक टांगलंय, १८ सेल्सिअसच्या खाली काटा गेला की बाबा काहीही म्हणोत, स्वेटर, टोपी, मोजे चढतात. लेखात पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवा म्हटलंय ते मात्र डायबेटिस असणाऱ्यांना सरसकट सांगू नका प्लीज, पायाला चटका बसलेला त्यांच्यातल्या अनेकांना कळतच नाही.