एकं, दहं, शतं… आणि माझं डोकं!

काल रात्री साडेनऊला बाबांचा फोन. "अगं, ठेवीचे सव्वा लाखच जमा झालेत गं. बाकीचे कुठे गेले?" पोटात गोळाच आला. ठेव साडेबारा लाखांची! स्क्रीनशॉट मागवला. ॲपच्या मेसेजात आकडा होता '१२५००००.०'. स्वल्पविराम नाही, रुपयाचं चिन्ह नाही. बाबांनी अक्षरं मोठी करून ठेवलीत, त्यामुळे आकडा एका ओळीत मावला नाही. वर '१२५०००' आणि खालच्या ओळीत '०.०'. बाबांनी वरचं वाचलं. कोणीही तेच वाचलं असतं.

बरं, मोजायला जावं तर तीही सोय नाही. सत्तरीचा माणूस, चष्मा कपाळावर, स्क्रीनवर बोट ठेवून उजवीकडून एकं, दहं, शतं करतोय. तर बोट टेकल्या टेकल्या डायलर उघडला! एवढे सलग अंक दिसले की फोनला तो फोन नंबर वाटतो. बाबा स्वतःच्याच ठेवीला फोन लावायला निघाले होते.

मी स्वतः पोटासाठी कोड लिहिते, म्हणून जास्तच संताप होतो. तो शेवटचा '.०' बघितला की कळतंच, जावा किंवा कोटलिन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमधला डबल, म्हणजे दशांशवाला आकडा, उचलला आणि तसाच्या तसा वाक्याला चिकटवला. हीच रक्कम एक कोटी असती ना, तर तोच कोड '१.०ई७', म्हणजे १ गुणिले दहाचा सातवा घात, असं छापून मोकळा झाला असता. नशीब, आमचे बाबा कोट्यधीश नाहीत!

आणि हे काही अवघड काम आहे का हो? भाषा मराठी, देश भारत एवढं सांगितलं की '१२,५०,०००' असं फोन आपणहून लिहून देतो. कुठल्या भाषेत स्वल्पविराम कुठे पडतो, ते युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या, भाषाभाषांच्या लिहिण्याच्या पद्धतींच्या संग्रहात कधीचं नोंदवलेलं आहे, तेही फुकट. एका ओळीचं काम. पण नाही! दुसऱ्या एका ॲपने स्वल्पविराम द्यायची कृपा केली, तर तो '१,२५०,०००' असा. आमच्या घरात मिलियन कोण मोजतं? आमच्या कोपऱ्यावरचा वाणी पेन्सिलीने पुठ्ठ्यावर हिशोब करतो, तोसुद्धा '१,२५,०००/-' लिहितो. पुढे कोणी शून्य चिकटवू नये म्हणून ती रेघही न विसरता ओढतो.

तक्रार केली. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." सोबत तक्रार क्रमांक आला. सलग चौदा अंकी, मध्ये कुठे जागा नाही, खाली निळी रेघ. कॉपी करायला बोट दाबलं, तर डायलर उघडला.