रविवारी मी घरीच

घरी बसायला आवडतं असं चारचौघांत सांगितलं की लोक आधी तब्येत विचारतात, मग आडून आडून घरात काही बिनसलंय का ते. पावसाळ्यात तर विचारूच नका. ग्रुपवर भिवपुरी, लोणावळा, भुशी डॅम सुरू होतं आणि मी "तुम्ही जाऊन या" लिहिलं की लगेच "अगं, किती घरकोंबडी! आयुष्य एकदाच मिळतं."

एकदाच मिळतं म्हणूनच तर म्हणतेय.

आठवडाभर मी डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटीला जाते. एका बाजूचे 48 किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन शंभराच्या घरात. डब्यात शिरल्या शिरल्या बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" विचारून नंबर लावायचा, आपल्या आधीच कुणीतरी "माझं सांगून झालंय" म्हणायचं, मग तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धं टेकायचं. परतताना त्याच गर्दीत मेथीची जुडी निवडायची, देठं पिशवीत, पानं डब्यात, आणि कुणाचा तरी कोपर आपल्या मानेत. एवढं केल्यावर रविवारी पुन्हा तोच जिना, तोच फलाट? एका मैत्रिणीचा बेत होता मरीन ड्राइव्हचा. माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक, म्हणजे रेल्वेची रविवारची दुरुस्ती, असला की अकरापासून चारपर्यंत गाड्या या लाइनवरून त्या लाइनवर. समुद्र बघायचा की इंडिकेटर?

बाहेरचा मला तिटकारा आहे असं मुळीच नाही. 2020 साली घरात कोंडून ठेवलं तेव्हा मीही भिंतींना कंटाळले होते. 21 ऑक्टोबरपासून बायकांना लोकलमध्ये घेतलं, अकरा ते तीन आणि रात्री सातनंतर, तेव्हा रिकाम्या डब्यात खिडकीशी बसून मुंब्र्याची खाडी बघताना काय भारी वाटलं होतं! तेव्हा घरात बसावं लागत होतं, आता मला बसायचं असतं. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

आणखी एक, आणि हे जरा पुरुषांसाठी. माझ्या आईला रविवारी बाहेर पडायची भारी घाई असायची. का, ते आत्ता कळतं. तिला सुट्टीच्या दिवशी जास्त काम: पाहुणे, साग्रसंगीत जेवण, दुपारी भांड्यांचा ढीग. तिची नोकरीची जागाच घर होती, तिथे तिनं आराम कसा करायचा? त्यामुळे "आपल्याला बुवा घरीच बरं वाटतं" असं कुणी गृहस्थ म्हणाले की मी विचारते, चहा कोण करतं?

आमच्याकडे रविवारी दुपारची खिचडी-कढी नवरा करतो. कढी हमखास फुटते. आम्ही ढवळून ढवळून खातो. त्या वेळी मी गॅलरीच्या दारात पाय लांब पसरून बसलेली असते. मटकीला मोड आलेत का, हे फडकं सोडून बघायचं, पुन्हा बांधून ठेवायचं. वाळत घातलेले कपडे पावसाची सर आली की आत, ऊन आलं की बाहेर. साडेतीनला झोप लागते आणि उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ ते क्षणभर कळत नाही. स्टेटसला टाकण्यासारखं यात काही नाही आणि मला टाकायचंही नाही.

मैत्रिणींनो, रागावू नका. येत्या रविवारी माझ्याकडे या, थालीपीठ करते. फक्त निघण्याआधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा.