ओडिसियसबरोबर गेलेली माणसं

नेतृत्वावर बोलणाऱ्या लोकांचा ओडिसियस, म्हणजे होमरच्या ग्रीक महाकाव्यांतला इथाका बेटाचा राजा, फार आवडता आहे. संकटात डोकं शांत ठेवणारा, दहा वर्षं समुद्रावर भरकटूनही न खचलेला, शेवटी घरी पोचलेला माणूस. यातलं काहीही खोटं नाही. पण ही गोष्ट एकट्याच्या घरी पोचण्याची आहे. ट्रॉयच्या युद्धावरच्या 'इलियड'मध्ये जहाजांची लांबलचक यादी येते, तिच्यात ओडिसियसच्या नावावर १२ जहाजं आहेत. एका जहाजावर पन्नासएक माणसं धरली तर सहाशेच्या आसपास होतात. काही ट्रॉयच्या लढाईत पडली असतील. जी तिथून घरी यायला निघाली, त्यांतलं एकही माणूस इथाकाला परतलं नाही. मला वाटतं, नेता म्हणून त्याचं मोजमाप करायचं तर ते इथून सुरू व्हायला हवं.

त्याच्या परतीच्या प्रवासावरच्या 'ओडिसी'च्या पहिल्या काही ओळींतच कवी त्याला सोडवून टाकतो. सोबत्यांना वाचवायची त्याने पराकाष्ठा केली, पण ते आपल्याच मूर्खपणाने मेले, त्यांनी सूर्यदेवाची गुरं मारून खाल्ली, असं कवी म्हणतो. वाचताना आपण हे मान्य करून पुढे जातो. पण नवव्या ते बाराव्या सर्गापर्यंतचा हिशोब नीट मांडून पाहा. सूर्याच्या बेटाला पोचलं ते एकच जहाज. बाकी अकरा त्याआधीच संपली होती, आणि त्या अकरा जहाजांवरच्या कुणीही सूर्याच्या एकाही गाईला हात लावलेला नव्हता.

त्याचे गुण आधी सांगते, कारण ते खरोखर मोठे आहेत आणि माझं या माणसावर प्रेम आहे.

'इलियड'च्या १९व्या सर्गात जिवलग मित्र पॅट्रोक्लसच्या मरणाने पेटलेला महायोद्धा अकिलीस म्हणतो, आत्ताच्या आत्ता लढाईला चला, जेवण संध्याकाळी बघू. त्या क्षणी त्याच्यासमोर तोंड उघडायची कुणाची छाती नाही. ओडिसियस उघडतो. उपाशी माणूस दिवसभर लढू शकत नाही, मनात कितीही जोर असला तरी गुडघे दगा देतात, आधी सैन्याला जेवू द्या, असं तो ठामपणे सांगतो आणि सैन्य जेवतं. अख्ख्या 'इलियड'मध्ये साध्या सैनिकाच्या पोटाचा एवढा नेमका विचार दुसरा कुणी करत नाही. 

सायक्लॉप्सच्या, म्हणजे एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत पहिल्या रात्री तो राक्षस, पॉलिफेमस, त्याची दोन माणसं खाऊन झोपतो. ओडिसियस तलवारीला हात घालतो आणि थांबतो. याला मारलं तर दारावरची शिळा कोण हलवणार? एवढ्या संतापात हा हिशोब करणं मला अचाट वाटतं. मग त्याचा डोळा फोडायला ऑलिव्हच्या लाकडाचा टोकदार वासा, दारू, स्वतःचं नाव 'कोणी नाही' सांगणं, तीन-तीन मेंढे बांधून मधल्याच्या पोटाखाली एकेक माणूस लपवणं. आणि स्वतः तो सगळ्यांत शेवटी निघतो. लोटस नावाचं फळ खाऊन घर विसरलेल्या तिघांना, ते रडत असताना, तो ओढत आणून वल्ह्यांच्या बाकांखाली बांधतो. सर्सी या जादूगारणीने सोबत्यांची डुकरं केल्यावर एकटा तिच्या वाड्यावर जातो, आणि समोर मांडलेल्या ताटाला ती माणसं पुन्हा माणसं होईपर्यंत हात लावत नाही. अशा माणसाच्या मागे लोक का गेले असतील, हे कळायला फार विचार करावा लागत नाही.

त्याच्या दोषांबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा गुहेपाशी थांबतात. सोबती म्हणत होते की चीज आणि कोकरं घेऊन पळू या. याला मात्र तो राक्षस बघायचा होता, त्याच्याकडून पाहुण्याचा मान हवा होता. सहा माणसं खाल्ली गेली. सुटल्यावर जहाजातून त्याने ओरडून स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव सगळं सांगितलं. सोबती विनवत होते की पुरे कर. त्या नावामुळेच पॉलिफेमसला आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, नेमका शाप मागता आला. हा गर्व होता, आणि त्याची किंमत भयंकर होती. पण तो स्वतः कबूल करतो की त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. ही सगळी हकिगत अल्किनस राजाच्या दरबारात तो स्वतःच सांगतोय, दुसरा साक्षीदार जिवंत नाही. लपवायचं असतं तर लपवता आलं असतं. हे श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

माझी तक्रार वेगळी आहे. तो सांगत नाही. जे त्याला माहीत असतं ते ज्यांचा जीव त्यावर अवलंबून आहे त्यांना तो सांगत नाही.

दहाव्या सर्गातली पिशवी घ्या. वाऱ्यांचा राजा इओलस उलटे वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत कोंडून, चांदीच्या दोरीने बांधून त्याच्या जहाजात ठेवतो. बाहेर फक्त घराकडे नेणारा वारा. नऊ दिवस, नऊ रात्री शिडाचा दोर ओडिसियस स्वतःच्या हातात धरून बसतो, दुसऱ्या कुणाला देत नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसतं, किनाऱ्यावर शेकोट्या पेटवणारी माणसं दिसतात. तेवढ्यात त्याचा डोळा लागतो. खलाशी आपसात बोलतात की याला सगळीकडे भेटी मिळतात, ट्रॉयची लूटही याच्याकडे, आणि तीच वाट तुडवून आपण रिकाम्या हाताने घरी चाललोय. पिशवीत सोनं-चांदी असणार म्हणून ते ती उघडतात.

लोभ होता, मान्य. पण त्या पिशवीत वारा आहे एवढं वाक्य नऊ दिवसांत बोलायला काय हरकत होती? ते वाक्य बोललं गेलं असतं तर तिथल्या एकाही माणसाने ती गाठ सोडली नसती. दोर कुणाला द्यायचा नाही, गुपित कुणाला सांगायचं नाही, झोपायचं नाही. एक माणूस जागा असेल तोवरच चालणारी ही व्यवस्था. पुढे सूर्याच्या बेटावरही अगदी हेच होतं, तिथेही सगळं बिघडतं ते तो झोपलेला असताना. होमर हे दोनदा दाखवतो. मला तो योगायोग वाटत नाही.

त्यानंतर लेस्ट्रिगोनियन नावाच्या राक्षसांचं बंदर. दोन्ही बाजूंनी उंच कडे, तोंड अरुंद, आत पाणी शांत. अकरा जहाजं आत जाऊन शेजारी शेजारी उभी राहतात. ओडिसियस आपलं एकट्याचं जहाज बाहेर, कड्याला दोर बांधून ठेवतो. त्याला काही खटकलं होतं का? खटकलं असेल तर बाकीच्यांना बाहेर थांबा म्हटल्याचा उल्लेख कुठेच नाही. राक्षस वरून दगड टाकतात, माणसांना माशांसारखं टोचून नेतात. तो तलवारीने दोर तोडून निसटतो. अकरा जहाजं गेली, आणि काव्यात त्यावर जेमतेम काही ओळी खर्च होतात. मी जेव्हा जेव्हा तो भाग वाचते तेव्हा त्या ओळींच्या तोकडेपणाने गलबलून येतं.

याच्यानंतर सर्सीच्या बेटावर युरिलोकस तोंडावर बोलतो की गुहेत आपली माणसं मेली ती याच्याच आततायीपणामुळे. कवीने सुरुवातीला सोबत्यांवर ठेवलेला ठपका इथे एक सोबती नेत्यावर ठेवतो. ओडिसियसचं उत्तर काय? युरिलोकस जवळचा सोयरा असूनही त्याचं डोकं उडवावं असं त्याच्या मनात येतं, इतर जण मध्ये पडून आवरतात. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गातही हेच दिसलं होतं. सैन्य घराकडे पळत सुटलं तेव्हा त्याने सरदारांना गोड शब्दांत थांबवलं आणि साध्या सैनिकांना सेनापती अगामेम्नॉनच्या राजदंडाने बडवलं. थर्सायटिस नावाचा सैनिक अगामेम्नॉनविरुद्ध बोलला त्यातलं बरंचसं अकिलीस आधीच बोलून गेला होता. पण थर्सायटिस सामान्य होता, त्याच्या पाठीवर वळ उठले. खालच्याने प्रश्न विचारायचा नाही, ही त्याची सवय जुनी आहे.

आता बारावा सर्ग. संपूर्ण 'ओडिसी'त नेतृत्वाबद्दलचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो. गाण्याने खलाशांना भुलवून मारणाऱ्या सायरनांच्या जवळ जाण्याआधी ओडिसियस सोबत्यांना म्हणतो की भविष्य एका-दोघांनाच माहीत असणं बरोबर नाही, मी तुम्हाला सांगतो, म्हणजे मरू किंवा वाचू, जे होईल ते सगळं कळून होईल. किती सुंदर बोललाय! मग तो त्यांच्या कानांत मेण घालतो, स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, आणि सांगून ठेवतो की मी सोडा म्हणालो तर आणखी घट्ट बांधा. म्हणजे आपलाच हुकूम मोडायचा अधिकार त्याने त्यांना आधीच दिला. प्रत्यक्षात तो सोडा म्हणून खुणावतो तेव्हा उठून दोर आवळणाऱ्या दोघांत एक युरिलोकसच असतो. ज्याचं डोकं उडवायचं होतं, तोच. आणि त्या धोक्यातून सगळे सुटतात. एकही माणूस जात नाही.

ही रीत त्याने पुढे चालू ठेवायला हवी होती. पण लगेच पुढच्याच वळणावर सिला ही राक्षसी येते आणि तो पुन्हा गप्प होतो. सर्सीने त्याला सांगितलेलं असतं की एका बाजूला करिब्डिसचा भोवरा सगळं जहाज गिळेल, दुसऱ्या बाजूला सिला सहा माणसं उचलेल, सहा गेलेली परवडली. तो सुकाणूवाल्याला कड्याच्या बाजूने जायला सांगतो. सिलाचं नाव घेत नाही. कारणही सांगतो, घाबरून माणसं वल्ही टाकतील आणि आत दडून बसतील. सगळे भोवऱ्याकडे बघत असताना सिला सहा जणांना उचलते. ते वर लोंबकळत त्याचं नाव घेऊन हाका मारत असतात. समुद्रावर पाहिलेलं सगळ्यात करुण दृश्य हेच होतं, असं तो म्हणतो, आणि ते मनापासून म्हणतो.

या एका ठिकाणी मी त्याला दोष देताना अडखळते. सांगितलं असतं तरी सहा जण गेलेच असते, आणि वल्ही थांबली असती तर कदाचित सगळेच. त्या पाच-दहा मिनिटांपुरता निर्णय बरोबर असेल. पण त्याची किंमत त्याच संध्याकाळी चुकवावी लागली. सिलाच्या पलीकडे सूर्याचं बेट. तो म्हणतो, इथे उतरू नका, भविष्यवेत्त्या टायरिसियसने आणि सर्सीने बजावलंय, इथे घोर संकट आहे. युरिलोकस भडकतो. तू लोखंडाचा बनलायस, तू थकत नाहीस, आम्ही थकलोय. सगळे युरिलोकसच्या बाजूने उभे राहतात. सकाळी ज्याच्या शब्दावर त्यांनी त्यालाच बांधलं होतं, त्याच्या शब्दाला संध्याकाळी किंमत उरलेली नाही. मध्ये काय घडलं? सहा माणसं गेली आणि नेत्याला ते आधीच माहीत होतं. त्यांना हे कळलं होतं असं होमर म्हणत नाही. पण त्या रात्री जेवण झाल्यावर ते सिलाने नेलेल्यांसाठी झोप लागेपर्यंत रडले, असं नक्की म्हणतो.

तेव्हाही त्याने अर्धंच सांगितलं. गुरांना हात लावू नका, ती सूर्याची आहेत, अशी शपथ घ्यायला लावली. टायरिसियसचं पूर्ण भाकीत असं होतं की गुरांना इजा झाली तर जहाज आणि सगळे सोबती नष्ट होतील. एवढं स्पष्ट तो त्यांना सांगताना दिसत नाही. महिनाभर उलटा वारा, शिधा संपलेला, आणि तो प्रार्थनेला एकीकडे जाऊन झोपलेला. भुकेने मरण्यापेक्षा बुडून मरू, घरी पोचलो तर सूर्याचं देऊळ बांधू, असं म्हणून युरिलोकस गाई कापायला लावतो. उपाशी माणसाचे गुडघे दगा देतात, हे सैन्याला सांगणारा ओडिसियसच होता.

इथाकाला मागे राहिलेल्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून एजिप्टियसबद्दल लिहायलाच हवं. 'ओडिसी'च्या दुसऱ्या सर्गात ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस सभा बोलावतो. ओडिसियस गेल्यापासून इथाकात सभाच भरलेली नाही, म्हणजे वीसेक वर्षं. (मागे काय व्यवस्था लावून गेला होता हा राजा?) त्या सभेत पहिला बोलतो तो वयाने वाकलेला एजिप्टियस. त्याचा मुलगा अँटिफस ओडिसियसबरोबर गेला आणि सायक्लॉप्सच्या तोंडी पडला. बापाला ते ठाऊक नाही, तो अजून त्याच्यासाठी रडतोय. त्याचा आणखी एक मुलगा युरिनोमस, ओडिसियसची बायको पिनेलोपी हिच्याशी लग्न करायला मागे लागलेल्यांच्या टोळीत आहे. २२व्या सर्गात ती सगळी टोळी मारली जाते. एका म्हाताऱ्याचे दोन मुलगे, एक ओडिसियसच्या मोहिमेत गेला, दुसरा त्याच्या सूडात. परत आल्यावर ओडिसियस प्रवासाची सगळी हकिगत पिनेलोपीला रात्री सांगतो. मेलेल्यांच्या बापांना काही सांगितल्याचं काव्यात कुठेही नाही.

शेवटी २४व्या सर्गात युपिथिस उभा राहतो आणि म्हणतो, या माणसाने जहाजं भरून चांगली माणसं नेली, जहाजं गमावली, माणसं गमावली, आणि आता परत येऊन उरलेल्यांतले उत्तम मारले. युपिथिस मला आवडत नाही. त्याचा मुलगा अँटिनूस त्या टोळीतला सगळ्यात नीच, आणि लोक युपिथिसच्या जिवावर उठले होते तेव्हा ओडिसियसनेच त्याला वाचवलं होतं. पण त्या सभेत त्याला उत्तर कसं मिळतं ते बघा. एक जण म्हणतो, देव ओडिसियसच्या बाजूने होते. हॅलिथर्सिस म्हणतो, तुम्ही मुलांना आवरलं नाहीत. दोघंही फक्त मारल्या गेलेल्यांबद्दल बोलतात. जहाजांबद्दल कुणीच बोलत नाही. थोड्याच वेळात भाल्याने युपिथिस मरतो, आणि झ्यूसच्या मर्जीने अथीना तह घडवून आणते. लोकांनी मुलांचं आणि भावांचं मरण विसरावं, असं झ्यूसनेच ठरवलेलं असतं.

ओडिसियसवर नेतृत्वाचे धडे देणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. गुहेतली युक्ती जरूर शिकवा, ती शिकवण्यासारखीच आहे. पण त्यानंतर वर्गाला २४वा सर्ग वाचायला द्या आणि युपिथिसच्या आरोपाच्या पहिल्या अर्ध्या भागाला ओडिसियसच्या वतीने उत्तर द्यायला सांगा. गुहेपर्यंत मी ते देऊ शकते. सिलाच्या बाबतीतही काहीतरी बोलता येईल. पिशवीच्या आणि त्या अकरा जहाजांच्या बाबतीत मला अजून उत्तर सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर खरंच लिहा, मला ऐकायचंय.