कोरडवाहू बीपी : लागवड ते काढणी

सोयाबीन पडतं, कापसाला बोंडअळी लागते. मराठवाड्यात न चुकता येणारं पीक एकच, बीपी. आंतरपीक म्हणून शुगर घ्यावी. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पण या पिकाला तेव्हाही काही कमी पडलं नाही.

75 ते 100 मिलिमीटर पावसाची वाट बघू नका. पहिल्या सरीलाच सोयाबीन पेरा, दुबार पेरणीसारखं खत नाही. बीपीचं बियाणं सोसायटीच्या थकबाकीत मिळतं, तिथं संपलं की सावकाराकडं. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के, हे गणित मात्र रात्री दोनला अंथरुणातच मांडायचं. दिवसा मांडलं तर कुणाचा तरी सल्ला घ्यावासा वाटतो.

गणित सुरू झालं की मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक सोडतात. ते यकृताला सांगतं, साखर सोड, मालकावर वाघ आलाय. खरा वाघ असता तर ती साखर पळण्यात जिरली असती. सावकारापुढं पळता येत नाही, त्याला चहा पाजावा लागतो. साखर रक्तातच फिरत राहते, पेशी हळूहळू इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात आणि चरबी पोटाभोवती ठाण मांडते. बाप्याची कंबर 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या पुढं गेली की पीक फुलोऱ्यात आलं समजा. हातपाय काडीसारखे असले तर उत्तमच, "हा कुठं जाड आहे?" म्हणून कुणी तपासत नाही.

पाणी रात्री द्या, तसंही कृषिपंपाला वीज पुष्कळदा रात्रीच असते. झोपेत बीपी एरवी दहा-वीस टक्के उतरतं. मोटार चालू करायला उठलात की तीही भीती नाही. दिवसा दहा कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे शंभरेक ग्रॅम साखर झाली. वर तंबाखूची चिमूट आहेच.

खुरपणी कसून करा. मनातलं बोलावं असा एखादा दोस्त उगवला तर मुळासकट काढा. 52 देशांतल्या हार्ट ॲटॅकच्या रुग्णांचा एक अभ्यास 2004 साली छापून आला. त्यात मनावरचा ताण तंबाखू, बीपी, शुगर यांच्याच पंगतीला बसलेला आहे. म्हणून तो वाटून घेऊ नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला वेगळी मशागत लागत नाही. उचल दिवाळीआधीच खर्चून झालेली असते आणि खाड्याला दंड असतो. डोकं ठणकलं तरी मोळी बांधायचीच. फडात बीपीचा पट्टा घेऊन कोण येतंय?

काढणी शिबिरात होते. 160/100 निघालं तर "आत्ताच चालत आलो" म्हणावं. पुढं गोळीनं 130 वर आलं की गोळी बंद करायची, नाहीतर सवय लागते म्हणे. डॉक्टर म्हणतील, टेन्शन घेऊ नका. त्यांना सातबारा दाखवा, घेतलेलं नाही, बोजा म्हणून चढलंय. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, पण तिकडं गेलं की दिवस मोडतो. मेडिकलातून दहाच्या पट्टीतल्या चार कापून आणा, उरलेल्या सोयाबीन विकल्यावर.