उल्का बघायच्या तर मार्गशीर्षात

ऑगस्ट आला की फोनवर तोच मेसेज फिरायला लागतो, ‘आज रात्री उल्कांचा पाऊस!’ भाचरं विचारतात, मावशी, गच्चीवर जायचं? वर पाहावं तर खराखुरा पाऊस. २०२६ मध्ये ययाती तारकासमूहातून येताना दिसणाऱ्या उल्का (पर्सिड्स) नेमक्या दिव्यांच्या अमावास्येच्या सुमाराला, १२ ऑगस्टला आहेत, चंद्राचा अडथळाही नाही. पण त्या दिवसांत आपल्याकडे आभाळ उघडतं कुठे? दोन-तीनदा असा हिरमोड झाला की मुलं वर बघायचंच सोडून देतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आपला उल्कावर्षाव डिसेंबरातला, मिथुन राशीतला. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री आत्ताच राखून ठेवा. मार्गशीर्षातली चंद्रकोर मध्यरात्रीआधीच मावळेल, तोवर पुनर्वसूची जोडी, म्हणजे मिथुनेतले दोन ठळक तारे, चांगली वर आलेली असेल; उल्का त्याच बाजूने येताना दिसतात. पहाटे दोनच्या सुमाराला ती जवळजवळ डोक्यावर येते. खऱ्या काळोखात तासाला साठ-सत्तर उल्का सहज दिसतात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे. हा मात्र १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. ययातीच्या उल्का सेकंदाला ५९ किलोमीटरने येतात, या ३५ने. म्हणून लहान मुलांच्याही नजरेत सापडतात.

दुर्बीण नको. चटई, गोधडी, कानटोपी, आणि टॉर्चला लाल जिलेटिन कागद. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्या, तेवढा वेळ फोन पिशवीत.

गेल्या वर्षी आम्ही पैसे भरून एका ‘स्टारगेझिंग कॅम्प’ला गेलो होतो. शेकोटी, स्पीकर, आणि मैदानावर रात्रभर फ्लडलाइट! मृगसुद्धा धड दिसेना. त्यापेक्षा जाणत्या मंडळींबरोबर जा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्र-रात्र आकाश दाखवत आलं आहे.

आणि काळोख राखताही येतो. पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं ठिकाण, झालं, त्यासाठी आसपासच्या गावांतल्या रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला. रस्ता तेवढाच उजळतो, आभाळ मोकळं राहतं. आमच्या गावात देवळामागच्या खांबावर असाच एक उघडा दिवा आहे. त्याला वरून झाकण बसवा, असा अर्ज मी येत्या ग्रामसभेत देणार आहे. तुमच्याही गावात असा दिवा असेल तर तुम्हीही द्या, डिसेंबरच्या आत.